आठव्या खाटेची उत्तरं

चौकशीबाईंनी एकोणतीस वर्षं उत्तरं दिली आणि निवृत्त झाल्यावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांच्या यजमानांच्या मते हा सरळसरळ सूड होता.

उत्तरं दिली ती बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून. काचेला मधोमध वाटीएवढं भोक. भोकाच्या आत बाई, बाहेर रांग. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावरून, वाटेत थांबते का, चुकली तर पुढची कधी. एकच प्रश्न दिवसातून दीडशे वेळा आला तरी बाईंचा आवाज पहिल्या वेळेसारखाच निघायचा. फक्त एका बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नसत. कोणी मधेच घुसून काचेशी तोंड आणलं, की त्यांची नजर त्याच्या आरपार, मागे उभ्या असलेल्या माणसाकडे जायची. मंत्री आला तरी आणि जावई आला तरी. रांग म्हणजे रांग. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी जेवायला वाढतानाही त्या टेबलाच्या डाव्या टोकापासून सुरुवात करत, आणि उजव्या टोकाला बसणाऱ्या यजमानांच्या वाट्याला शेवटचं येई. यजमान बसचालक होते. गार खायची त्यांना सवय होती.

रुग्णालयातल्या कामाचं त्यांना शेजारणीकडून कळलं. म्हाताऱ्या माणसांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरबाई संशोधन करत होत्या आणि रोज खाटेपाशी बसून प्रश्न विचारणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. शिक्षणाची अट फारशी नव्हती. मुलाखतीत डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट खोदून विचारली: तोच तोच प्रश्न ऐकून तुम्हाला राग नाही यायचा?

"यायचा की," बाई म्हणाल्या. "पण काचेच्या आतच राहायचा."

काम मिळालं.

संशोधन असं होतं. म्हातारं माणूस पडतं, हाड मोडतं, छातीत कफ भरतो, म्हणून रुग्णालयात येतं. आणि तिथे आल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं भान सुटतं. पूर्वीचे लोक म्हणायचे, वात झाला. डॉक्टर म्हणतात, डिलिरियम. घरचे म्हणतात, वय झालं, आता हे असंच चालायचं. इथेच सगळे फसतात, असं डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी समजावलं. म्हातारचळ वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. हे एका दिवसात येतं, तासातासाला कमीजास्त होतं, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा काहीतरी दडलेलं असतं: लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं आटलेलं पाणी, एखादी न सोसलेली गोळी. ते वेळेवर सापडलं तर माणूस पुष्कळदा परत येतो. जे आरडाओरडा करतात, नळ्या उपटतात, ते सगळ्यांना दिसतात. जे गप्प पडून राहतात ते कुणालाच दिसत नाहीत. उलट वॉर्डात त्यांचं कौतुक होतं. असे किती जण निसटतात, आणि रोज चार प्रश्न विचारले तर ते लवकर सापडतात का, हे डॉक्टरबाईंना पाहायचं होतं.

तिसऱ्या मजल्यावर पुरुषांचा लांबट वॉर्ड होता. एका भिंतीला ओळीनं आठ खाटा, समोर मोठ्या खिडक्या, टोकाला औषधांची ढकलगाडी. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला बाई एक पाय आखूड असलेलं लोखंडी स्टूल घेऊन पहिल्या खाटेपाशी बसत. आज वार कोणता? आत्ता आपण कुठे आहोत? डिसेंबरपासून महिने उलटे म्हणून दाखवा. किल्ली, छत्री, गाजर हे तीन शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारते. असे दहा गुण. बेरीज खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर लिहायची आणि स्टूल उचलून दुसरी खाट. मग तिसरी. आठवी झाली की खिडकीपाशी उभं राहून पाणी प्यायचं.

संशोधनासाठी रोज प्रत्येक पेशंटचा जो अर्ज भरायचा, त्याच्या शेवटी एक रकाना होता: घरच्या माणसाला काय वाटतं? पण भेटायची वेळ पाच ते सहा, आणि बाई चारला मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे त्या रकान्यात त्या एक छानशी सरळ रेघ मारत. चार आठवड्यांत अशा पुष्कळ रेघा झाल्या होत्या.

वॉर्डाला बाई आवडत. सातव्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना हेडसर म्हणत. पायाच्या जखमेसाठी ते महिनाभर मुक्काम ठोकून होते. कानानं अधू, त्यामुळे आवाज शाळेच्या मैदानावरचा. प्रश्न विचारायच्या आधीच ते वार सांगून टाकत आणि महिने तर असे म्हणत की समोर चारशे मुलं उभी असावीत. सप्टेंबरला त्यांना हमखास खोकला यायचा. खोकून झालं की ऑगस्टपासून पुन्हा दणक्यात. दहापैकी दहा. बाईंनी शाबास म्हटल्याशिवाय ते सोडत नसत.

आठव्या खाटेवर टेलरकाका आले ते खुब्याचं हाड मोडून. दुकानातल्या शिडीवरून, वरच्या फळीवरचं कापड काढताना पडले. वय एक्क्याऐंशी. शस्त्रक्रिया नीट झाली. पहिली रात्र कण्हण्यात गेली, आणि मग मात्र काका असे शांत झाले की सिस्टर दुसऱ्या पेशंटांना त्यांचं उदाहरण देऊ लागल्या. काही मागणं नाही, तक्रार नाही. सूप दिलं तर आभारी आहे, तोंड पुसलं तर आभारी आहे. दिवसभर बोटांनी चादरीची कड चिमटीत धरून ओढत राहायचे. टेलरमास्तरांचं शिवणकाम चालू झालं बघा, असं म्हणून सगळे हसायचे. बाईही हसल्या. त्यांनाही वाटलं, साठ वर्षांची सवय, हात कसा स्वस्थ बसेल.

आणि काकांचे गुण? दहापैकी दहा. तीन दिवस, दोन्ही वेळा.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई खाली स्टूल जागेवर ठेवत होत्या, तर जिन्यापाशी एक पंचेचाळिशीची बाई उभी. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. ती काकांची मुलगी. बापाबरोबर दुकानात बसायची. भेटायच्या वेळेला तास होता, पण तिला मुद्दाम चौकशीबाईंनाच गाठायचं होतं. उद्या दुपारी बाबांना घरी सोडणार म्हणतात, तिनं सांगितलं. घर दुकानावरच, जिना उभा. दिवसभर ती खाली गिऱ्हाइकांत आणि बाबा वर एकटे. त्याचंही काही नाही, करू काहीतरी. पण एक विचारायचं होतं.

"ताई, वरती झोपलेत ते माझे बाबा नाहीत."

बाईंनी तिला बाकावर बसवलं. अशा वेळी घरची माणसं घाबरतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी समजुतीनं सांगितलं की त्या स्वतः रोज दोनदा तपासतात, वार बरोबर, महिने बरोबर, तीन शब्दसुद्धा बरोबर.

"ते मला आभारी आहे म्हणाले," मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांनी आजवर मला शिव्या दिल्याशिवाय चहा घेतलेला नाही. आणि ते चादरीशी काय करतात, तुम्ही पाहिलंत? सगळे म्हणतात शिवतायत. मी तीस वर्षं त्यांच्यासमोर बसून शिवलंय. शिवताना माणूस सुई आत घालतो, मग बाहेर काढतो. ते नुसतं उपटतायत. त्यात एक टाका नाही."

दहापैकी दहा आहेत, एवढंच बाई पुन्हा म्हणाल्या. मुलीनं मान हलवली, उठली, आणि गळ्यातली मोजपट्टी काढून बोटांभोवती गुंडाळत जिना चढून गेली.

संध्याकाळी घरी बाई मटार सोलत होत्या. समोर यजमान बसलेले, सोललेल्यातले दाणे मधूनमधून लांबवत. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. यजमानांनी नेहमीप्रमाणे खिडकीचा विषय काढला. अगं, तुझ्या उत्तरांवर तुझा फार भरवसा, ते म्हणाले. तुला वाटायचं, तू सांगितलंस म्हणून लोक गाडीत बसतात.

"मग कोण सांगायचं?"

"माझ्या सीटवरून मला तुझी रांग सगळी दिसायची. निम्मे लोक तुझ्यापर्यंत पोचायचेच नाहीत. पुढच्या चौघांना तू काय सांगतेस ते ऐकायचे आणि सरळ येऊन माझ्या गाडीत चढायचे. शेवटच्या माणसाला तू कधी पाहिलंस तरी का?"

त्यांनी आणखी चार दाणे उचलले. एरवी बाईंनी हातावर चापट मारली असती. आज त्यांचं लक्ष नव्हतं. शेंग हातात तशीच, अर्धी उघडलेली.

पहिल्या खाटेपाशी त्या प्रश्न विचारत, तेव्हा आठव्या खाटेपर्यंत ऐकू जात असेल का, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. सातव्या खाटेच्या बाबतीत तर विचार करायचं कारणच नव्हतं. हेडसरांचा आवाज खालच्या मजल्यावर जात असेल. मग त्यांना टेलरकाकांचे महिने आठवले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. आणि सप्टेंबरपाशी काका थांबायचे. रोज. थोडंसं थांबून मग ऑगस्ट. बाईंना वाटायचं, दम लागत असेल.

काकांना खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्टूल उचललं आणि सात खाटा ओलांडून थेट शेवटच्या खाटेपाशी नेलं. वॉर्डात ही बातमीच होती. पहिल्या खाटेवरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं. हेडसर म्हणाले, आमचा नंबर आधी आहे, ही काय पद्धत झाली? बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतः रांग मोडत होत्या.

त्या काकांच्या कानाशी वाकल्या आणि हळू आवाजात विचारलं, आज वार कोणता?

काका गोड हसले. चादरीची कड त्यांच्या चिमटीत होती. त्यांनी हेडसरांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा हेडसरांकडे, जणू गाडी यायची होती आणि अजून आली नव्हती.

"आधी त्यांना विचारा ना," ते म्हणाले. "मग मी सांगतो."

आपण कुठे आहोत, याचं उत्तर आलं, दुकानात. आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळलंय, त्याला आत घ्या. महिने डिसेंबर, नोव्हेंबरवरून बटणांवर गेले आणि तिथेच विरले. बाईंनी एक गुण लिहिला. मग त्या उठल्या, हेडसरांपाशी बसल्या आणि त्यांना महिने म्हणायला लावले. हेडसरांनी रुसवा विसरून ते वॉर्डभर म्हटले, सप्टेंबरला खोकून. बाई परत काकांकडे वळल्या. काकांनी लगेच सगळे महिने म्हटले. त्याच चालीत, सप्टेंबरपाशी तेवढंच थांबून. शिकवलेला पोपटही इतकं बरोबर बोलला नसता.

घरी सोडायच्या कागदांवर सह्या करायला तरुण डॉक्टर आला होता, त्याला बाईंनी गाठलं. त्यानं तक्ता पाहिला आणि हसून म्हणाला, मावशी, रात्री झोप झाली नसेल. काल तर दहा होते, तुमच्याच अक्षरात.

"काल दहा हेडसरांचे होते," बाई म्हणाल्या. "मी ते दोघांच्या नावावर लिहिले."

त्याला पटकन कळलं नाही. बाईंनी समजावायचा प्रयत्न केला नाही. त्या खाली गेल्या आणि डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार वाजवलं. टेबलावर चार आठवड्यांचे अर्ज नीट गठ्ठे करून ठेवलेले होते, बाईंनीच बांधलेले. आपलं काम आज जाणार, असं त्या जिन्यावरच स्वतःला सांगून आल्या होत्या, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. आठव्या खाटेवरचे काका भानावर नाहीत आणि आज त्यांना घरी सोडतायत. मी रोज एकाच रांगेनं विचारत गेले, तेच प्रश्न, मोठ्यानं. पुढचा सांगायचा, मागचा ऐकायचा. माझे कागद चुकलेत.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून?

"पहिल्या दिवसापासून. पहिल्या खाटेचे तेवढे खरे धरा. दोन ते आठ सांगता येत नाही."

डॉक्टरबाईंनी गठ्ठे बाजूला सारले. मग त्यांनी एवढंच विचारलं की तो माणूस आत्ता कुठे आहे, आणि चप्पल सरकवत जिन्याकडे निघाल्या.

वरती त्यांनी काकांचं पांघरूण बाजूला केलं, बेंबीखाली हात ठेवून हलकेच दाबलं आणि सिस्टरना बोलावलं. लघवी तुंबली होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, आणि काका आभारी आहे म्हणत होते. नळी घातली. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. औषधांच्या यादीत एक झोपेची गोळी होती, पहिल्या रात्री कण्हत होते म्हणून कोणीतरी लिहिलेली आणि मग बंद करायची राहून गेलेली. ती डॉक्टरबाईंनी आडवी रेघ मारून काढली. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा त्यांनी तिला पहिला प्रश्न केला तो चष्म्याचा. चष्मा दुकानात शिडीखाली पडला होता. या धावपळीत तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता. घरी सोडणं रद्द झालं.

अर्जांचा विषय दुसऱ्या दिवशी निघाला. चार आठवडे फुकट गेले, डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. नेहमीची नर्स ठेवली असती तर असं झालं नसतं का, याचा त्यांनी विचार केला होता आणि झालं असतं असं त्यांना वाटत होतं. रांगेनं विचारा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण रांगेनं विचारू नका असंही कुणी लिहिलं नव्हतं.

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"मला कळलं होतं ना," बाई म्हणाल्या.

काम गेलं नाही, काम बदललं. आता प्रत्येक फेरीआधी एका डब्यात आठ चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघेल त्या खाटेपासून सुरुवात करायची. प्रश्नांचे चार वेगवेगळे संच, शब्दही वेगळे. खाटेभोवती पडदा, आवाज हळू. आणि घरच्या माणसाचा रकाना शेवटून उचलून सगळ्यांत वर आणला. तो भरल्याशिवाय अर्ज पुरा धरायचा नाही. त्यासाठी बाईंना दुपारची फेरी भेटायच्या वेळेपर्यंत लांबवून सहापर्यंत थांबावं लागणार होतं. यजमान म्हणाले, छान, म्हणजे आता जेवण गारही मिळणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कणीक मळून ठेवायला त्यांनी स्वतःच सुरुवात केली. चिठ्ठ्यांची मात्र बाईंना बरेच दिवस सवय होईना. पाचवी खाट, मग दुसरी, मग आठवी. जिना उतरताना मधल्या पायऱ्या गाळल्यासारखं त्यांना व्हायचं.

टेलरकाका एकदम परत आले नाहीत. पहिल्या दोन दिवसांत सकाळी थोडे असत, दुपारी नसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चादर सोडली. चौथ्या दिवशी, चष्मा दुरुस्त होऊन आल्यावर, बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले. पाचव्या दिवशी दुपारच्या फेरीत चिठ्ठी आठव्या खाटेची निघाली आणि बाई पडदा सरकवून आत गेल्या, तर काका बाईंच्या कामावरच्या पांढऱ्या अंगरख्याकडे डोळे बारीक करून पाहत होते.

आज वार कोणता, बाईंनी विचारलं.

"ही बाही कोणी बसवली?" काका म्हणाले. "मुंढ्यात चुणी आलीय. हात वर केला की सगळं वर येत असेल."

येत होतं. बाईंनी ते कबूल केलं आणि पुन्हा वार विचारला.

"शुक्रवार. काल विचारलंत तेव्हा गुरुवार होता. तुमच्या लक्षात राहत नाही का?"

महिने म्हणायला त्यांनी नकार दिला. मी काय शाळेत आहे, असं म्हणून त्यांनी पडद्यापलीकडे, हेडसरांच्या दिशेनं मान उडवली. बाईंनी महिन्यांचे गुण कापले. नियम म्हणजे नियम. बेरीज आठ झाली. तिकडे हेडसर विचारत होते की आठव्या नंबरला किती पडले, आणि पहिल्यांदाच त्यांना ते सांगायला कोणी तयार नव्हतं.

पाच वाजता मुलगी आली. बाई जिन्यापाशी बाकावर तिचीच वाट पाहत बसल्या होत्या, अर्ज मांडीवर, वरचा रकाना कोरा. ती आत जाऊन आल्यावर त्यांनी विचारलं, बाबा कसे वाटतात?

मुलगी बसली. रुमालानं नाक पुसलं आणि हसली.

"मला दोनदा मूर्ख म्हणाले," ती म्हणाली. "आणि विचारलं, माझी मोठी कात्री कुणी वापरली. मी म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाले, खोटं बोलताना तू डावीकडे बघतेस."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. एवढ्याशा रकान्यात बसावं म्हणून अक्षर बारीक केलं आणि लिहिलं: दोनदा मूर्ख म्हणाले. नेहमीसारखे.